व्यक्तिस्वातंत्र्य, सार्वजनिक सभ्यता आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या नाटकावर आक्षेप येतो, वेब सिरीजमधल्या शिव्यांवरून गुन्हा नोंदवला जातो किंवा विधिमंडळात नवे विधेयक येते, आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले जाऊ लागतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या कायद्याला धरून आहेत. जिथे मत माझे आहे तिथे ते उघडपणे दिले आहे. प्रत्यक्ष खटला अंगावर आला असेल तर मात्र हे पान बाजूला ठेवून वकील गाठा.

१. घटनेने मला बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मग सभ्यतेच्या नावाखाली सरकार ते कसे अडवते?

अनुच्छेद १९(१) स्वातंत्र्य देतो आणि १९(२) त्यावर निर्बंध घालायची मुभा देतो. पण ही मुभा मोकाट नाही. कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतील याची यादी तिथेच दिली आहे आणि ती बंद यादी आहे. देशाची सार्वभौमता, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, न्यायालयाचा अवमान, बदनामी वगैरेंबरोबर ‘सभ्यता किंवा नीतिमत्ता’ हे एक कारण आहे. हे कारण १९५० च्या मूळ मजकुरातच होते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने यादी वाढवली, पण त्याच वेळी निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे ही अटही घातली. न्यायालयाला आत शिरायला जागा मिळाली ती या एका शब्दामुळे.

‘लोकहितासाठी’ एवढे म्हणून बोलण्यावर बंधन घालता येत नाही. पुण्याच्या ‘सकाळ’ने वृत्तपत्रांची पाने आणि किंमत यांची सांगड घालणाऱ्या कायद्याला आव्हान दिले होते. त्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर लोकहितासाठी निर्बंध चालतो, अभिव्यक्तीवर नाही. त्यामुळे एखादा कायदा नेमक्या कोणत्या स्वातंत्र्यावर हात ठेवतो आहे हे आधी पाहावे लागते.

२. अश्लील म्हणजे नेमके काय? कायद्यात व्याख्या आहे का?

आहे, पण ढगळ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ (जुन्या दंड संहितेचे २९२) सांगते की जे कामुक आहे, विकृत लैंगिक कुतूहल चाळवते किंवा वाचणाऱ्या-पाहणाऱ्याला बिघडवण्याकडे ज्याचा कल आहे, ते अश्लील. यातला प्रत्येक शब्द न्यायाधीशागणिक बदलू शकतो, आणि तसा तो बदललाही आहे.

१८६८ मध्ये इंग्लंडमधल्या हिकलिन खटल्यात एक कसोटी ठरली: ज्याच्या हाती हे पडले तर तो बिघडू शकेल अशा माणसावर काय परिणाम होईल ते पाहायचे. म्हणजे सर्वांत कच्च्या वाचकाचे माप सगळ्यांना लावायचे. मुंबईतले पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांनी डी. एच. लॉरेन्सची एक कादंबरी विकली म्हणून झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम केली, ती हिकलिन कसोटीच्या आधारे. ही कसोटी सोडायला २०१४ उजाडावे लागले. त्या वर्षी अवीक सरकार खटल्यात, टेनिसपटू बोरिस बेकर यांच्या एका छायाचित्राच्या निमित्ताने, न्यायालयाने आजच्या समाजाचे सर्वसाधारण माप स्वीकारले. नग्नता दिसली म्हणजे अश्लीलता झाली असे नाही. छायाचित्र कशासाठी आहे आणि एकूण संदेश काय आहे ते पाहायचे. ते छायाचित्र वर्णद्वेषाविरुद्ध होते.

मधल्या काळातली मराठी नोंदही सांगण्यासारखी आहे. चंद्रकांत काकोडकर यांची एक कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. कथा तीच, शब्द तेच. निकाल मात्र दोन.

३. शास्त्रीय किंवा लैंगिक शिक्षणाचा मजकूरही अश्लील ठरू शकतो का?

आज सहसा नाही. विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञान यांच्या दृष्टीने लोकोपयोगी मजकुराला कलमातच अपवाद आहे. पुरातन वास्तू आणि मंदिरांवरची शिल्पे यांनाही आहे. मात्र विज्ञान-साहित्याचा अपवाद १९६९ च्या दुरुस्तीने आला. त्याआधी काय होत असे हे पाहायचे तर र. धों. कर्वे पाहा. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचे मासिक चालवताना त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला कर्वे हरले आणि दंड भरावा लागला. वाचकांनी विचारलेल्या शंकांना दिलेली उत्तरे हा तिथे गुन्हा ठरला होता.

४. वेब सिरीजमध्ये एवढ्या शिव्या असतात, त्या अश्लील नाहीत का?

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर निकाल दिला: शिवराळ भाषा ओंगळ असेल, कानाला बोचेल, पण तेवढ्याने ती अश्लील होत नाही. ती लैंगिक भावना चाळवण्यासाठी आहे का, हे पाहावे लागते. ग्राम्य आणि अश्लील यांतला फरक १९८५ च्या समरेश बोस निकालापासून मान्य आहे. रस्त्यात कोणाला तोंडावर शिव्या दिल्या तर मात्र वेगळी कलमे लागतात (प्रश्न ७).

५. बहुसंख्य लोकांना एखादी गोष्ट अनैतिक वाटत असेल, तर लोकशाहीत तिच्यावर बंदी का नको?

सर्वाधिक येणारा प्रश्न, आणि सरळ मनाने विचारलेला. प्रतिनिधी निवडून द्यायचे आपण, मग कायद्यात आपल्या नीतीचे प्रतिबिंब का नसावे?

इंग्लंडमध्ये १९५७ साली वुल्फेंडन समितीने प्रौढांमधले खासगी समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत अशी शिफारस केली, तेव्हा हाच वाद पेटला. न्यायमूर्ती डेव्हलिन म्हणाले, समान नीतिमत्ता हा समाजाला बांधणारा धागा आहे आणि तो तुटू नये म्हणून कायद्याने हस्तक्षेप करावा. तत्त्वज्ञ हार्ट यांनी उलट विचारले, लोकांना एखाद्या गोष्टीचा तिटकारा आहे एवढ्यावरून समाज मोडेल याला पुरावा काय?

आपल्याकडे हा वाद समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या, दंड संहितेच्या कलम ३७७ वर लढला गेला. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून वगळले आणि म्हटले की राज्याला आधार घ्यायचाच असेल तर तो लोकांच्या प्रचलित नीतीचा नव्हे, संविधानिक नीतिमत्तेचा, म्हणजे घटनेतल्या मूल्यांचा घ्यावा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ज्यांना झळ पोहोचते ते फार थोडे आहेत हाही त्यातला एक मुद्दा होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने हे पुन्हा उलटवले. हक्काची राखण डोकी मोजून करायची असेल तर मूलभूत हक्कांचे प्रकरण लिहिण्याची गरजच नव्हती, असे मला वाटते. बहुमताकडे विधिमंडळ असतेच.

एक तळटीप. ‘संविधानिक नीतिमत्ता’ हा शब्दप्रयोग करताना बहुतेक जण डॉ. आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणाचा हवाला देतात. त्या भाषणात इतिहासकार ग्रोट यांचा आधार घेऊन त्यांनी म्हटले होते की ही भावना उपजत नसते, ती रुजवावी लागते. पण तिथला संदर्भ प्रशासनाचे तपशील घटनेत का लिहिले, हा होता. व्यक्तीच्या खासगी जीवनापर्यंत ही कल्पना नेली ती पुढे न्यायालयांनी. वाद घालताना हे ठाऊक असलेले बरे, नाहीतर समोरचा पक्ष मूळ भाषण काढून दाखवतो.

६. डान्सबार बंदीचे नेमके काय झाले? सरकार इतक्यांदा का हरले?

सभ्यतेच्या नावाने कायदा कसा लिहू नये, हे शिकायला महाराष्ट्राबाहेर जायला नको.

२००५ मध्ये तेव्हाच्या मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमे आली. ३३-अ ने परमिट रूम, बिअर बार आणि उपाहारगृहांतल्या नाचावर सरसकट बंदी घातली. ३३-ब ने तीन तारे आणि त्यावरची हॉटेले, क्लब, जिमखाने यांना त्यातून सूट दिली. सरकारचे म्हणणे असे की बारमध्ये स्त्रियांचे शोषण होते, तरुण पैसा उधळतात, गुन्हेगारी पोसली जाते. मुद्दे खोटे नव्हते. पण मग तोच नाच महागड्या हॉटेलात सभ्य कसा होतो, याचे उत्तर सरकारपाशी नव्हते. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली: समानता नाही आणि व्यवसायाच्या हक्कावर घाला आहे. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. ज्या स्त्रियांना वाचवायचे म्हणून बंदी आणली, त्यांची रोजीरोटी गेली आणि त्यांतल्या अनेकींना नाइलाजाने देहविक्रयाकडे वळावे लागले, हेही त्या निकालात नोंदले आहे. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

सरकारने २०१४ मध्ये सूट काढून टाकली आणि बंदी पुन्हा आणली. विषमतेचा आक्षेप तेवढा मिटला. २०१५ मध्ये त्यालाही स्थगिती मिळाली. मग २०१६ मध्ये वेगळा कायदा आला: बंदी नाही, पण अटी अशा की परवाना कोणाला मिळूच नये. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी एकेक करून तपासल्या. शाळा आणि धर्मस्थळांपासून एक किलोमीटर अंतर, आतमध्ये सीसीटीव्ही, बार आणि नाचाची जागा यांत भिंत, परवानाधारक ‘सद्वर्तनी’ असावा ही मोघम अट: हे सगळे गेले. सायंकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ टिकली, नोटा उधळण्यावरची बंदी टिकली, आणि अश्लील नृत्याची व्याख्याही टिकली.

टिकलेल्या अटी वर्तनाला हात घालतात, आणि किती, केव्हा हे सांगतात. गेलेल्या अटींपैकी बहुतेकींचा उद्देश धंदा बंद पाडणे हा होता. नवे विधेयक वाचताना मी ही विभागणी वापरतो.

७. बागेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या जोडप्याला पोलीस दंड करू शकतात का?

नुसते बसले, हात धरला यासाठी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली (जुने २९४) तीन गोष्टी एकत्र लागतात: कृत्य अश्लील असणे, जागा सार्वजनिक असणे आणि दुसऱ्या कोणाला त्याचा त्रास होणे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात पोलीस अधिक वापरतात ते महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ११०, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. त्याचा दंड १,२०० रुपयांपर्यंत. असभ्य म्हणजे काय हे तिथे लिहिलेले नाही, आणि वाद न वाढवता पैसे भरून सुटण्याकडे लोकांचा कल असल्याने ही प्रकरणे न्यायालयात फारशी तपासली जात नाहीत.

हॉटेलची बंद खोली ही रस्ता किंवा सार्वजनिक जागा नव्हे. तरी ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईतल्या मढ-आक्सा भागात हॉटेलांच्या खोल्यांतून प्रौढ जोडप्यांना बाहेर काढून याच कलमाखाली दंड केला गेला. ओरड झाली, चौकशीचे आदेश निघाले. दोन प्रौढ व्यक्ती अविवाहित असून एका खोलीत राहिल्या, हा कोणत्याही कलमाखाली गुन्हा नाही. अडवले तर कलम कोणते ते विचारा, आणि पैसे दिलेच तर पावती घ्या.

८. म्हणजे सार्वजनिक सभ्यता हा मुद्दाच पोकळ आहे असे तुमचे म्हणणे आहे का?

नाही. स्वातंत्र्यवाद्यांची बाजू जिथे नेहमी कच्ची पडते ती हीच जागा. बस, रस्ता, फलाट इथून माणसाला उठून जाता येत नाही. समोर जे चालले आहे ते पाहायला त्याने होकार दिलेला नसतो. पुस्तक मिटता येते, तिकीट न काढता राहता येते. बसथांब्यावरून निघून जाता येत नाही. म्हणून जागा, वेळ आणि पद्धत यांवरचे नियम मला रास्त वाटतात, आशयावरचे क्वचितच.

शिवाय सभ्यतेचा म्हणून सांगितला जाणारा बराचसा भाग खरे तर एखाद्या व्यक्तीला झालेल्या इजेचा असतो: अश्लील शेरे मारणे, चोरून पाहणे किंवा चित्रण करणे, पाठलाग. यांना न्याय संहितेत स्वतंत्र कलमे आहेत (७५, ७७, ७८, ७९). संमतीशिवाय खासगी चित्र पसरवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे प्रश्न त्या व्यक्तीच्या संमतीचा आहे. समाजाच्या शुचितेला मध्ये ओढले की खटला तिच्याच चारित्र्यावर घसरतो.

९. चित्रपटाला आधी प्रमाणपत्र लागते, पुस्तकाला लागत नाही. हा भेदभाव का?

१९७० मध्ये चित्रपट दिग्दर्शक के. ए. अब्बास यांनी हेच विचारले होते. सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर: चलच्चित्राचा परिणाम अधिक थेट असतो, म्हणून पूर्वपरीक्षण चालेल, पण निकष स्पष्ट हवेत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे झाले आहेत. कापण्यापेक्षा वय सांगणे हा मार्ग मला बरा वाटतो.

महाराष्ट्रात नाटकालाही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’वर मंडळाने हरकती घेतल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. नाटकाला प्रेक्षक तिकीट काढून, ठरवून येतात. तिथे आजही पूर्वपरवानगी कशासाठी, याचे पटणारे उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. ओटीटीला प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार वयोगट जाहीर करावा लागतो आणि तक्रार निवारणाची व्यवस्था असते.

१०. लोक चिडतील, मोर्चे निघतील, म्हणून आधीच बंदी घातलेली बरी नाही का?

१९८९ च्या एस. रंगराजन निकालाने हे नाकारले आहे. धोका खरा आणि जवळचा हवा; निदर्शनांच्या धमकीपुढे झुकणे म्हणजे कायद्याचे राज्य सोडून देणे. अभिनेत्री खुशबू यांच्यावर विवाहपूर्व संबंधांविषयीच्या विधानांवरून ठिकठिकाणी २३ तक्रारी झाल्या होत्या. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या रद्द केल्या. निकाल चांगला आहे, पण विधान २००५ चे होते. सुटका होईपर्यंतची वर्षे हीच शिक्षा, हे अशा तक्रारी करणाऱ्यांना पक्के ठाऊक असते.

११. थोर पुरुषांविषयी लिहिताना वेगळा नियम लागतो का?

दुर्दैवाने थोडासा लागतो. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या अंकात छापली गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाला मोकळे केले, कारण त्याने माफी मागितली होती. कवीवरचा खटला मात्र रद्द करायला नकार दिला. इतिहासात आदराचे स्थान असलेल्या व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले तर समाजमानाची कसोटी अधिक कडक लावावी, असे न्यायालयाचे मत पडले. १९(२) च्या यादीत ‘आदरणीय व्यक्ती’ हे कारण नाही (प्रश्न १). हा निकाल मला पटत नाही, पण आज कायदा तो आहे.

१२. घरात बसून फोनवर मी काय पाहतो, याच्याशी सरकारचा काय संबंध?

पाहण्याशी सहसा नाही. पुढे पाठवण्याशी आहे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालापासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर बंधन आणायचे तर कायदा हवा, वैध उद्देश हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ प्रसारणाला लागते आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड आहे. व्हॉट्सॲपच्या गटात ‘फॉरवर्ड’ करणे हेही प्रसारणच.

एक अपवाद ठाम आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण पाहणे किंवा साठवणे हे खासगीपणात मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. त्या चित्रामागे इजा झालेले मूल असते, त्यामुळे इथे स्वातंत्र्याचा युक्तिवाद सुरूच होत नाही.

१३. लिव्ह-इन नात्याची सक्तीने नोंदणी करणारा कायदा घटनेत बसतो का?

उत्तराखंडच्या समान नागरी कायद्याने, जो २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, ही सक्ती आणली. महिन्याभरात नोंद न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. समर्थक म्हणतात की सोडून दिलेल्या स्त्रीला आणि मुलाला पुरावा मिळेल. उद्देश रास्त आहे. पण प्रश्न १२ मधली प्रमाणाची कसोटी लावून पाहा: ऐच्छिक नोंदणीने हेच साधले नसते का? आणि घरच्यांपासून लपून राहणाऱ्या आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्याला सरकारी नोंद संरक्षण देते, की त्यांचा पत्ता उघड करते?

१४. दारूबंदीही नीतिमत्तेसाठीच ना?

भाषणांत असते, कायद्यात आधार मुख्यतः आरोग्याचा आहे (अनुच्छेद ४७). म्हणून तिचा हिशेबही परिणामांवर व्हायला हवा. चंद्रपूरमध्ये २०१५ ला घातलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली ती असाच हिशेब मांडून.

१५. नव्या विधेयकावर सूचना पाठवायची आहे. काय लिहू?

केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे, पण ते बंधनकारक कलम नव्हे. मुदत लहान असते, म्हणून पत्र छोटे ठेवा. ‘संस्कृती बुडेल’ आणि ‘हुकूमशाही आली’ या दोन्ही प्रकारच्या पत्रांची समितीत नुसती मोजदाद होते. त्याऐवजी कोणता शब्द मोघम आहे ते कलमासह दाखवा. इजा नेमकी कोणाला होते ते विचारा. आज असलेले कोणते कलम तेच काम करते ते सांगा. आणि पर्यायी शब्दरचना स्वतः लिहून द्या. लिहिलेली रचना उचलली जाण्याची शक्यता नुसत्या तक्रारीपेक्षा जास्त असते.

१६. कायदा न्यायालयाने रद्द केला तर पोलीस तो वापरू शकत नाहीत ना?

शकत नाहीत, तरी वापरतात. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाल्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम चर्चेत आले. ‘त्रासदायक’, ‘घोर आक्षेपार्ह’ अशा मोघम शब्दांमुळे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्णपणे रद्द केले. त्यानंतरही अनेक राज्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२ मध्ये न्यायालयाला ते थांबवण्याचे पुन्हा आदेश द्यावे लागले. तुमच्या एफआयआरमध्ये ६६-अ दिसले, तर निकालाची तारीख लेखी अर्जात घालून ते कलम वगळण्याची मागणी करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.